काचेतला केस

६ जानेवारी

प्रिय अक्का,

फोन केला की तू "काय? काय?" करतेस आणि मग दोघीही चिडतो, म्हणून हे पत्रच. एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तू कान घालवलेस आणि शिक्षा मला. या वयात अक्षर सुधारावं लागतंय.

बातमी अशी की आमच्या घरात नवं खेळणं आलंय. ह्याच्या दातांच्या दवाखान्यातल्या एका पेशंटनं ह्याला भेट दिलं. दिसायला पिस्तूल, काम वाइनच्या बाटलीवर. बाटलीचं बूच काढायचंच नाही. एक लांब पोकळ सुई वरून बुचात खुपसायची आणि खटका दाबायचा. एका छोट्या पोलादी कुपीत गॅस भरलेला असतो, तो बाटलीत शिरतो आणि त्याच्या दाबानं वाइन पेल्यात येते. सुई उपसली की बूच आपलं आपण मिटतं. आत हवा गेलेलीच नाही, म्हणून उरलेली वाइन महिनोन्‌महिने जशीच्या तशी!

हा तर पिसाटलाय. जिन्याखालच्या कपाटातल्या सगळ्या बाटल्या टोचून झाल्या. मी म्हटलं, "अरे, पेशंट समजलास का त्यांना?" तर म्हणतो, "पेशंट ओरडतात. ह्या निमूट सहन करतात." आता दर शनिवारी जेवायला लोक असतात आणि जेवणाआधी हा खेळ असतो. बाटली मी धरते, सुई तो खुपसतो. जादूगार आणि त्याची मदतनीस.

सोबत जाड कापडाची एक गवसणी आलीय, बाटलीला घालायला. ती घातली की लेबल दिसत नाही, म्हणून हा घालत नाही. सूचनांचं पुस्तक होतं, ते कुठे गेलं कोण जाणे. तू बाटल्यांतली जाणकार, म्हणून तुझ्या कानावर घातलं. कानावर म्हणजे, डोळ्यांवर.

तुझी,
धाकटी

१४ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि चहा बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

वाइनची साधी बाटली द्रव धरायला केलेली असते, दाब धरायला नाही. फेसाळ वाइनची बाटली जाड आणि जड असते, तिचं बूड आत खोल गेलेलं असतं, कारण तिच्या पोटात मुळातच दाब असतो. (तिला तर हे यंत्र चुकूनही लावायचं नाही.) साधी बाटली निर्दोष असेल तर एवढा गॅस सोसेल. पण निर्दोष आहे की नाही ते कोण बघतं? मी बघत होते. उजेडाच्या पाटीसमोर बसून मिनिटाला साठ, आणि त्यातूनही सुटायच्याच काही.

म्हणून सांगते ते कर. टोचण्याआधी बाटली दिव्यासमोर धर आणि सावकाश फिरव. खांद्याजवळ बुडबुडा दिसला, तोंडाचा कपचा उडालेला दिसला, तर ती बाद. आणि केस बघ. काचेत केसाएवढी बारीक रेघ असते. एका बाजूनं धरली की चमकते, जरा फिरवली की नाहीशी होते. आम्ही तिला केसच म्हणायचो. सगळ्यात वाईट तीच. चमच्यानं वाजवून बघ. चांगली बाटली खणखणते, केस असलेली थप्प बोलते. अशी बाटली टोचायची नाही, ठेवायची नाही. बूच काढायचं, दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि विषय संपवायचा.

गवसणी घातल्याशिवाय खटक्याला हात नको. ती लेबल झाकायला नसते, काच फुटली तर आतल्या आत राहावी म्हणून असते. वाइन आली नाही तर सुईत बुचाचा भुसा अडकला असेल. अशा वेळी दाबत बसायचं नाही, लगेच सुई काढायची. बाटली छातीशी धरायची नाही, तोंड तिच्यावर न्यायचं नाही. गॅसच्या कुप्या चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

आमच्याकडे दाबाच्या चाचणीला एक मुलगी होती, मैना म्हणायचो तिला. फार गायची. एकदा जाळीचं दार नीट लागलं नव्हतं. गालाला चौदा टाके पडले. नंतर ती मला म्हणाली, "ताई, आवाज मागनं आला. काच आधी आली." तेव्हापासून तिनं गाणं सोडलं.

हे पत्र डॉक्टरांना वाचून दाखव. माझी आज्ञा समज. तुझी वेणी घालून तुला शाळेत पाठवलंय मी, एवढा अधिकार आहे.

तुझी,
अक्का

२ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

वाचून दाखव म्हणालीस ना? दाखवलं! म्हणजे त्यानंच दाखवलं, शनिवारी, आठ जणांसमोर, पेल्यावर चमचा वाजवून.

तू असायला हवी होतीस. हा उभा राहिला, कानामागे हात धरला आणि तुझ्यासारखं मोठ्ठ्यानं ओरडून वाचायला लागला. "काय? काय? बाटली बाद!" तू सांगितल्याप्रमाणे चमच्यानं बाटली वाजवली, मग शेजारच्या वकीलीणबाईंच्या नवऱ्याचं टक्कल वाजवलं आणि म्हणाला, "थप्प बोलतंय. ह्यात केस नाही." लोकांच्या डोळ्यांतून पाणी. वकीलीणबाईंना तर ठसकाच लागला. "मिनिटाला साठ" या वाक्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझं नाव आता बाटलीबाई पडलंय. "पुढच्या शनिवारी बाटलीबाईंचं पत्र आहे का?" म्हणून विचारून गेलेत.

मीपण हसले, राग मानू नकोस. तो नक्कल करतो म्हणजे त्याला माणूस आवडतं. तेव्हा अजून लिही, जरा मीठमसाला घालून. त्या मैनेचा भाग मात्र त्यानं गाळला, म्हणाला, जेवताना नको.

गवसणीचं म्हणशील तर, वकीलीणबाई म्हणाल्या, "बाटलीला लंगोट कशाला?" तेव्हापासून ती फडताळात आहे.

तुझी,
धाकटी

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुमची करमणूक झाली, बरं झालं. माझ्या लिहिण्यात एवढा विनोद असतो हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांची पन्नाशी अठरा मार्चला आहे ना? मी सतराला येईन, वीसला निघेन. निळं कापड शिवायला टाकलंय, शिंपीणबाई दहा मार्चला देते म्हणाली. कानाचं नवं यंत्र घेतलंय. समोरासमोर एक माणूस बोलत असेल तर आता बरंचसं कळतं. वकीलीणबाईंना प्रत्यक्ष भेटायला मिळेल. कोणी बोलायला सांगितलं तर चार वाक्यं पाठ करून येते. तू लहानपणी कविता विसरायचीस तशी विसरणार नाही.

तुझी,
अक्का

५ मार्च

प्रिय अक्का,

एक बोलायचं आहे आणि मला ते नीट बोलता येत नाही, म्हणून सरळच लिहिते. तू अठराला येऊ नकोस.

रागावू नकोस, आधी पुढचं वाच. त्या दिवशी वीस माणसं असतील. संगीत असेल, सगळे एकदम बोलत असतील. तुझं यंत्र, नवं असलं तरी, अशा ठिकाणी शिट्टी वाजवणारच, जुन्याचं मागच्या वेळी बघितलं आपण. तू कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या ओठांकडे बघत राहशील, मला सारखं तुझ्याकडे बघावं लागेल आणि दोघींचाही विरस होईल. शिवाय ह्याची नक्कल लोकांना पाठ झालीय. कोणीतरी तुझ्या तोंडावर करून बसेल, मग कसं दिसेल ते? तू नंतर ये, निवांत, आपण दोघीच. ह्यालाही असंच वाटतं.

झालं बोलून. आता तुझ्या कामाचं. आमच्या लग्नाच्या वर्षाची एक बाटली आहे, ह्याच्या सरांनी दिलेली. बावीस वर्षं जपलीय. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत ती टोचायची, आम्ही दोघांनीच एकेक पेला घ्यायचा आणि बाकीची लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी ठेवायची, असा बेत आहे. काल पुसताना मला तिच्या खांद्यावर एक रेघ दिसली. आडवी, नखाएवढी. दिव्यासमोर धरली तर चमकली, फिरवली तर दिसेनाशी झाली. ह्याला दाखवली तर म्हणतो, "धुळीचा ओरखडा आहे, बाटलीबाईंनी तुला वेड लावलंय." पण मला चुटपुट लागलीय. तू म्हणशील तसं करू. तू नको म्हणालीस तर बूच काढून ओतून टाकेन, मग तो कितीही चिडो. लगेच कळव.

तुझी,
धाकटी

११ मार्च

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. न येण्याचं लक्षात आलं. तुझं बरोबर आहे.

बाटलीबद्दल. काचेत दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे केस नव्हे. बाटली साच्यात घडवतात, त्या साच्याची शिवण काचेवर उमटते. तू लिहितेस ती शिवण आहे. जुन्या बाटल्यांत जास्त दिसते. बिनधास्त वापरा. गवसणीचीही गरज नाही, लग्नाच्या वर्षाचं लेबल लोकांना दिसू दे.

डॉक्टरांना पन्नाशीच्या शुभेच्छा. हे पत्रही वाचून दाखवायला हरकत नाही.

अक्का

२२ मार्च

अक्का यांस,

तुमच्या घरमालकिणीचा फोन लागला नाही, म्हणून हे कुरिअरनं पाठवतोय.

अठरा तारखेला कार्यक्रमात बाटली फुटली. तिच्या हातात होती. मी समोर उभा होतो, माझ्या मनगटाला थोडं लागलं आहे. तिच्या डाव्या डोळ्यात काच गेली. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, परवा दुसरी झाली. काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळा ठेवला तर दुसऱ्यालाही धोका आहे. आज सकाळी काढला. कपाळावर आणि भुवईत टाके आहेत, ते भरून येतील.

ती बोलत नाही. काही विचारलं की हो किंवा नाही म्हणते. मी दवाखाना बंद ठेवलाय, पण फार दिवस ठेवता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर मी खोलीत गेलो की ती भिंतीकडे वळते. घरात बाईमाणूस हवं. तुम्ही या. स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येईन.

कसं झालं ते आल्यावर बोलू. किंवा नको बोलायला.

२१ एप्रिल

प्रिय धाकटे,

सुखरूप पोचले. गाडीत जागा खिडकीशी मिळाली. घर बंद होतं त्यामुळे कुबट वास येत होता, दोन दिवस सगळं उघडून ठेवलं.

डोळ्याची खोबण सकाळ-संध्याकाळ धुवायची, कंटाळा करायचा नाही. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवलीय. जिना उतरताना डाव्या हातानं कठडा धरायचा, त्या बाजूचं तुला अजून कळत नाही. तुझे निळे मोजे मी चुकून आणले, पाठवते.

चोवीस दिवस तुझं करता आलं, तेवढंच समाधान. निघताना डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुम्ही नसतात तर काही खरं नव्हतं." मी फक्त मान हलवली.

तुझी,
अक्का

३ मे

प्रिय अक्का,

अपघातानंतर स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे पहिलं पत्र. ओळी उतरत चालल्यात, मला दिसतंय. पेल्यात पाणी ओतायला गेले की टेबलावर पडतं. काल दाराची चौकट खांद्याला लागली आणि मी चौकटीला "सॉरी" म्हटलं.

त्या यंत्राच्या कंपनीचं पत्र आलंय. अगदी गोड. ते विचारतात की बाटलीत आधीपासून दोष दिसत होता का, गवसणी वापरली होती का, कोणी जाणकारानं काही सल्ला दिला होता का. ह्यानं ते वाचलं आणि घडी घालून परत लिफाफ्यात ठेवलं.

मला उत्तर लिहायचं आहे. तुझं जानेवारीतलं पत्र माझ्याकडे आहे. मार्चमधलं मात्र सापडत नाही. माझ्या पलंगाशेजारच्या खणात ठेवलेलं होतं. सगळा खण पालथा घातला. तुला आठवतं का, त्यात काय लिहिलं होतंस?

धाकटी

९ मे

प्रिय धाकटे,

मार्चमधल्या पत्राचं मला नक्की आठवत नाही. शुभेच्छा दिल्या होत्या बहुधा. बाटलीबद्दल काही लिहिलं असलं तर काळजी घ्या एवढंच लिहिलं असेल. मी दुसरं काय लिहिणार? आवरताना कुणी रद्दीत टाकलं असेल, मनाला लावून घेऊ नकोस.

कंपनीला जानेवारीतलं पत्र पाठव. त्यात सगळं आहे, गवसणी, सुई, केस, सगळं. माझ्या नावापुढे "काच तपासनीस, एकतीस वर्षं" असं लिही. त्याला वजन असतं.

थेंब घालतेस ना?

तुझी,
अक्का

१५ मे

अक्का,

चार एप्रिलला दुपारी तू मला पेज भरवलीस, तोंड पुसलंस, पडदा ओढलास. मी झोपले असं तुला वाटलं. मग तू खण उघडलास. वरची औषधं बाजूला केलीस, मार्चचं पत्र काढलंस, वाचलंस आणि चार घड्या घालून खिशात टाकलंस. माझा एक डोळा बांधलेला होता. दुसरा नव्हता.

तेव्हाच विचारणार होते. मग म्हटलं, बघू, ही स्वतःहून कधी सांगते. तू निघेपर्यंत वाट बघितली. त्यानंतर तीन मेला सरळ विचारलं, तर तू म्हणतेस, रद्दीत गेलं असेल.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. तू किंवा तो, दोघांपैकी कोणीही ते तोंडातून काढलं नाही. तुम्ही दोघं माझ्या पलंगाभोवती दबक्या पावलांनी फिरत होतात आणि दुसरा गप्प आहे म्हणून दोघांनाही हायसं वाटत होतं.

त्यानं तुझं पत्र वाचलं. कानामागे हात धरून, ओरडून, वीस माणसांसमोर. "बिनधास्त वापरा" ह्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "बाटलीबाईंनी पास केली!" मला बाटली धरायला सांगितलं, छातीशी, लेबल लोकांकडे करून. सुई घातली, खटका दाबला. वाइन येईना. बूच जुनं होतं, भुसा झालेला. तो दाबतच राहिला. मी म्हटलं, "अरे थांब, अक्कानं लिहिलं होतं, असं झालं की थांबायचं." तो म्हणाला, "ते पहिल्या पत्रात. दुसऱ्या पत्रानं पहिलं रद्द." लोक हसले. मीपण हसले आणि आत वाइन हलतेय का बघायला मान वाकवली.

मैना खरं म्हणाली होती. आवाज मागनं आला.

मला तुझ्याकडून एकच हवंय. ती शिवण नव्हती, केस होता, हे तुला माहीत होतं का? हो किंवा नाही.

२३ मे

धाकटे,

हो.

साच्याची शिवण उभी असते. तळापासून तोंडापर्यंत, सरळ. आडवी शिवण जगात नसते. ती चमकून नाहीशीही होत नाही. कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. तुझं पत्र वाचताना "आडवी" या शब्दालाच मला ती बाटली डोळ्यांसमोर दिसली. हात आपोआप उचलला गेला, बाद पेटीकडे टाकायला.

आधी खरं उत्तर लिहिलं होतं. "ओतून टाक, आजच्या आज." पाकिटात घातलं, जिभेनं चिकटवलंसुद्धा. मग शिंपीणबाईंकडून निरोप आला की कपडे तयार आहेत. मी गेले, आणले, आरशासमोर घालून बघितले. चांगले झाले होते. त्या आरशासमोर उभं राहून मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली, आणि मधेच मला माझा आवाज डॉक्टरांच्या तोंडून ऐकू आला. तुझ्या घरात मी म्हणजे एक ओरडा आणि कानामागे धरलेला हात. आणि तू हसतेस. तू लिहिलं होतंस ना, मीपण हसले. मी ते वाक्य शंभर वेळा वाचलं असेल. पाकीट फाडलं आणि दुसरं लिहिलं.

मला वाटलं होतं, बाटली फुटेल, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर वाइन उडेल, वीस माणसांसमोर फजिती होईल आणि एकदा तरी हसणं दुसरीकडे वळेल. हे लिहितेय, पण ही सबब आहे. मैनेच्या गालावर मीच रुमाल दाबून धरला होता. गवसणी नको, हे मी मुद्दाम लिहिलं. बाटली तू धरतेस, हे तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. लिहिताना ते माझ्या लक्षात होतं. तरी पेन थांबलं नाही. फार वेळ लागला नाही, चार-पाच ओळींचं तर पत्र. टाकलं आणि बाजारातून भाजी घेऊन आले.

अठरा तारखेला दिवसभर मी खिडकीत बसून होते. फोन करता आला असता. घरमालकिणीला सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्याशी बोलून दिलं असतं. दुपारी एकदा त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांनी विचारलं, "काही हवंय?" मी म्हटलं, "नाही."

ते पत्र मी जाळलं नाही. सोबत पाठवते. कंपनीला दे, पोलिसांना दे, वकीलीणबाईंना दे. मी नाकारणार नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तर ती घेऊन मी काय करू तेही मला कळत नाही.

अक्का

४ जून

अक्का,

दोन्ही पत्रं मिळाली.

कंपनीला काही पाठवणार नाही. त्यांना लिहिलं की दोष दिसत होता, गवसणी घातली नव्हती, चूक आमची. ते खोटं नाही.

ह्याला तुझं पत्र दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. तो आता शनिवारी कुणाला बोलावत नाही. माझ्या पेल्यात पाणी ओतून देतो. त्याला वाटतं, माझा डोळा त्याच्या अंगठ्यानं गेला. पेशंटच्या दाढेत सुई घालताना तो मधेच थांबतो, असं त्याची नर्स म्हणत होती. अक्कानं जाणूनबुजून लिहिलं होतं, एवढं एक वाक्य मी बोलले तर त्याचं निम्मं ओझं उतरेल. मी बोलणार नाही. आणि तू मोकळी होशील असंही काही करणार नाही. पोलीस नाहीत, भांडण नाही, कुणाला सांगणं नाही. तुला कुणी काही विचारायला येणार नाही.

मी हसले होते, ते खरं आहे. त्याबद्दल तू माझ्याकडून घ्यायचं ते घेतलंस. फिटलं. आता आपल्यात देण्याघेण्याचं काही उरलेलं नाही, बहीण म्हणूनही नाही.

पत्र लिहू नकोस. येऊ नकोस. तुझ्या घरमालकिणीकडे माझा फोन नंबर देऊन ठेव. तू गेलीस की त्यांनी मला कळवावं. तेव्हा मी येईन आणि जे करायचं असतं ते सगळं करीन. त्याआधी नाही.

नंबर दिलास की तेवढं एका ओळीत कळव, म्हणजे झालं.

११ जून

नंबर दिला. त्यांनी तो फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. कोण लागते म्हणून विचारत होत्या. धाकटी बहीण, म्हटलं.